वार कुणी ठरवायचा?

मंडळी, आज मंगळवार. यात्रेआधीचे वार गावानं पाळलेत, म्हणजे या वारी रानातलं काम बंद. येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात हिरवंगार उगवलेलं दिसलं. कोळपणीचे दिवस, तरी रानात माणूस नाही. म्हणून तर आज सभेला एवढी गर्दी आहे. मला आज या वाराबद्दलच बोलायचंय, कारण तो न पाळण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

तीस वर्षं मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर आणि पुढे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, काम केलं. एका वर्षी मोठी ऑर्डर आली आणि मी डबल ड्यूटी घेतली. ओव्हरटाइमचे पैसे मिळत होते, घराचं बांधकाम अर्धवट होतं, नाही कशाला म्हणायचं? रोज बारा-चौदा तास, रविवार धरून. असे तीन महिने गेले. थकलोय असं मला एकदाही वाटलं नाही. उलट अंगात जोर आहे असंच वाटायचं.

आधी झोप गेली. अंथरुणावर पडलो की कानात मशीन सुरू. मग ज्या पोराला मी हाताला धरून शिकवलं होतं, त्याचा आवाजही नकोसा झाला. त्यानं काही विचारलं की मी अंगावर जायचो. कामाबद्दलही आस्था उरली नाही, ढकलायचं म्हणून ढकलत होतो. शेवटी माप चुकलं. बारीक माप घ्यायचं मायक्रोमीटर वापरणाऱ्यांना कळेल: त्याचं थिंबल, म्हणजे फिरती मूठ, एक फेरा फिरलं की अर्धा मिलिमीटर. स्लीव्हवरची, म्हणजे आतल्या न फिरणाऱ्या नळीवरची, अर्ध्याची रेघ नजरेतून सुटली की माप नेमकं अर्ध्या मिलिमीटरनं चुकतं. शिकाऊ पोराची चूक ही. ती मी केली, आणि एका पाळीत केलेले सगळे शाफ्ट भंगारात गेले.

त्या दिवशी घरी येऊन गप्प बसलो. बायको म्हणाली, "दोन महिनं झालं, तुम्ही घरात हायसा, खरं ध्यान घरात न्हाई. सांगायला गेलं की वसकन अंगावर येतासा." म्हणजे तिला दोन महिने आधी कळलं होतं. त्या पोरालाही कळलं असणार. कळलं नव्हतं ते एकट्या मला.

पुढे वाचायला लागलो तेव्हा समजलं, याला बर्नआउट म्हणतात. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं त्यावर लिहिलं. तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात काम करायचा, आणि हे सगळं त्यानं स्वतःच्या अंगावर काढलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली याची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मनात तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि हातून नीट काम न होणं. वाचताना मी थांबलो. झोप, ते पोरगं, ते शाफ्ट. तिन्ही माझ्याच घरातलं. संघटना याला आजार म्हणत नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हणते. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मग दोष एकट्या माणसाच्या अंगी चिकटवता येत नाही. पण शरीरही सुटत नाही. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, असा याच संघटनेचा आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१चा अंदाज आहे. मी चौऱ्याऐंशी तासांच्याही वर होतो.

आता मुद्द्यावर येतो. थकल्यावर विसावा घ्या, असं सगळे सांगतात. थकलेल्याला ते कळत नाही, हीच तर अडचण. ज्या डोक्यानं ओळखायचं, तेच आधी बधिर होतं. मशीनवर धातू कापणारं टूल बोथटलं तर मला आवाजावरून कळायचं, चिपचा, म्हणजे निघणाऱ्या किसाचा, रंग बदलला की टूल मोडायच्या आत मी ते बदलायचो. पण टूल मला बाहेरून दिसत होतं.

माझे वडील सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवत नसत. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. बैल दमलाय का, हे ते बघत बसत नव्हते. सोमवार आला की औत बंद. गावाचा वारही तसाच. पेरा कितीही उरलेला असो, ठरलं म्हणजे ठरलं. शेजारी रानात गेला तर आपण मागे पडू, ही धास्तीच त्यात राहत नाही, कारण शेजारीही घरीच असतो. मला वाटतं, वाराची खरी ताकद इथे आहे. एकट्यानं सुट्टी घेतली तर जीव खालीवर होतो.

कारखान्यात असा वार आपोआप आला नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली, आणि १० जून १८९० ला रविवार मिळाला. सहा वर्षं लागली. १९४८च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. इथे बसलेल्या पोरांनो, तो अर्धा तास मशीनजवळ उभं राहून डबा खाण्यात घालवू नका. रोजंदारीवरच्या माणसाचा प्रश्न वेगळा आहे. त्याचा दिवस बुडाला की चूल बुडते, आणि त्याला नुसतं विसावा घे म्हणणं मला क्रूर वाटतं. त्याला पगारी सुट्टी मिळेपर्यंत आपण सगळ्यांनी भांडलं पाहिजे.

आणखी एक. वार रानाला असतो, चुलीला नसतो. आज सकाळी पाणी कुणी भरलं, भाकऱ्या कुणी थापल्या? ज्या बाईनं मला दोन महिने आधी ओळखलं, तिला वार कधीच नव्हता. आता आमच्या घरी मंगळवारी रात्रीचं मी करतो, भात आणि पिठलं. पहिले दोन मंगळवार ती उठून उठून आत येत होती, तिला बसवेना. तिसऱ्या मंगळवारी सोप्यात हात उशाला घेऊन झोपली. पानं वाढून झाली होती, तरी मी तिला उठवलं नाही.