खास बाब म्हणून

नमस्कार श्रोतेहो.

अर्धवट राहिलेला पूल तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. खांब उभे, वर गंजलेल्या सळया, आणि शेजारची कोनशिला मात्र चकचकीत. आपण लगेच म्हणतो, पैसे खाल्ले. कधी खाल्लेलेही असतात. पण बरेचदा कारण याहून साधं असतं. त्या वर्षी वीस कामं काढली आणि पैसा होता पाचांपुरता. मग प्रत्येकाच्या नावे चिमूटभर तरतूद. काम बंदही पडत नाही, पुरंही होत नाही. दर वाढत राहतात आणि सुधारित मान्यतेची फाइल फिरत राहते.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१५ साली हिशेब मांडला होता. सार्वजनिक गुंतवणुकीतून जेवढा लाभ पदरी पडायला हवा, त्यातला सरासरी ३० टक्के अशा ढिसाळपणात जातो.

मला विचाराल तर खरी गफलत काम सुरू होण्याआधीच झालेली असते. सिडनीचं ऑपेरा हाउस घ्या. सुरुवातीचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा. १९७३ मध्ये दारं उघडली तेव्हा खर्च १० कोटी २० लाखांवर गेला होता. आराखडे पक्के होण्याआधीच बांधकामाची घाई केली होती.

दक्षिण कोरियाची गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९९४ ते १९९८ या काळात तिथे ३३ मोठ्या प्रकल्पांची व्यवहार्यता तपासली गेली. त्यातले ३२ उत्तीर्ण! तपासणी कोण करत होतं? ज्या खात्याला प्रकल्प हवा होता, तेच खातं. मुलानेच आपला पेपर तपासल्यावर दुसरं काय होणार? १९९९ पासून तिथल्या अर्थखात्याने नियम बदलला. ५० हजार कोटी वॉनहून... नाही, चुकलो, ५० अब्ज वॉनच्या वरचा प्रकल्प आधी त्रयस्थ संस्थेकडे जाईल. मागणी किती, खर्च किती, याहून स्वस्त मार्ग आहे का, हे ती संस्था पाहील. त्यानंतर दर तीन-चार प्रस्तावांत निदान एक तरी मागे फिरू लागला.

नॉर्वेनेही २००० पासून मोठ्या प्रकल्पांच्या अंदाजांची बाहेरून तपासणी सक्तीची केली.

आणखी एक, देखभालीचं. गटार साफ केल्याची फीत कुणी कापत नाही, म्हणून तो पैसा सगळ्यात आधी कापला जातो. नव्या रस्त्याच्या मंजुरीतच पुढच्या दुरुस्तीचा खर्च लिहायला लावला, तर निम्मे प्रस्ताव जरा दबकत येतील, असं आपलं माझं मत.

पण चाळणी कितीही बारीक असो, तिच्या बाजूने वाट काढता येते. त्याच कोरियात २०१९ च्या जानेवारीत सरकारने प्रादेशिक समतोलाचं कारण देऊन २३ प्रकल्पांना या तपासणीतून सूट दिली. एकूण रक्कम सुमारे २४ लाख कोटी वॉन. आपल्याकडच्या फाइलींवर अशा वेळी तीन शब्द लिहितात: ‘खास बाब म्हणून’.

नमस्कार.