"दिसलं" म्हणायची घाई नको

नमस्कार, श्रोतेहो.

शाळेचा एखादा वर्ग वेधशाळेत येतो, तेव्हा घुमटाखालच्या अंधारात "दिसलं" हा शब्द सारखा कानावर पडत असतो. मूल शिडीवर चढतं, दुर्बिणीच्या नेत्रिकेला डोळा लावतं, दोन-तीन सेकंदांत "दिसलं" म्हणतं आणि खाली उतरतं. मागे रांग असते, कुणीतरी "लवकर कर ना" म्हणत असतं, बाई घड्याळ बघत असतात. सार्वजनिक वेधशाळेत मुलांना आकाश दाखवताना माझी खात्री झाली आहे की त्या "दिसलं"पैकी बऱ्याच वेळा मुलाला काहीच दिसलेलं नसतं. मूल लबाडी करत नसतं. त्याला काळोख दिसलेला असतो, स्वतःच्या पापण्या दिसलेल्या असतात, कडेला उजेडाचा एखादा ठिपका हललेला असतो. सगळ्यांना दिसतंय आणि मलाच दिसत नाही, असं चारचौघांत म्हणायचा त्याला धीर होत नाही. आज मला या मुलाबद्दल बोलायचं आहे. खगोलशास्त्राच्या तासासाठी वर्ग घेऊन येणारे शिक्षक आणि सोबत येणारे पालक ऐकत असतील, तर त्यांना माझं सांगणं एवढंच आहे: कमी गोष्टी दाखवू या, पण ज्या दाखवू त्या प्रत्येकाला नीट दिसू द्या.

दुर्बिणीतून बघणं हे शिकावं लागतं. नेत्रिकेतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा असतो. डोळ्याची बाहुली नेमकी त्या झोतात यावी लागते. डोळा जरा बाजूला गेला, फार जवळ किंवा फार लांब राहिला, की सगळं काळंकुट्ट. त्यात मुलं आधाराला म्हणून नेत्रिकाच पकडतात, दुर्बीण हलते आणि ग्रह चौकटीबाहेर जातो. म्हणून शिडी चढण्याआधीच सांगून ठेवावं: एक हात पाठीमागे, दुसरा डोळा घट्ट मिटायचा नाही, तो दुसऱ्या हाताच्या तळव्याने झाकायचा. तो आवळून धरला की बघणारा डोळाही थरथरतो. चष्मा लावणाऱ्या मुलांचा प्रश्न हमखास येतो. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवून घेता येतो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा असू द्यावा, कारण तो दोष फोकसने जात नाही. फोकसचा गुंडा प्रत्येक मुलाला स्वतः फिरवू द्यावा, असं मला वाटतं. धूसर गोळा हळूहळू आवळत येतो आणि एकदम त्याला कड येते. ती कड ज्याने स्वतःच्या बोटांनी आणली, त्याला "दिसलं का?" असं विचारावंच लागत नाही, तोंडून "अरे!" निघतं.

मीही "दिसलं का?" असं विचारत नाही. चंद्र लावलेला असेल तर विचारतो, "उजेड कुठल्या बाजूला आहे? आता मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघ, तिथे कुठल्या बाजूला आहे?" बहुतेक दुर्बिणींत प्रतिमा उलटी तरी दिसते, नाहीतर डावं-उजवं बदललेली. ही गंमत सापडली की मूल पुन्हा शिडी चढायला बघतं. आणि एखाद्याने "मला नाही दिसत" असं म्हटलं, तर शिक्षकांनी तिथल्या तिथे त्याला शाबासकी द्यावी. मग मागची चार मुलंही खरं बोलतात.

आता वेळेचा हिशोब. 60 मुलं, एक दुर्बीण, प्रत्येकाला एक मिनिट म्हणजे एकाच ग्रहाला एक तास झाला. तेवढ्यात आकाश पंधरा अंश सरकलेलं असतं. पृथ्वी फिरत असल्यामुळे दुर्बिणीला मोटर लावून तारे पकडून ठेवावे लागतात. ही मोटर मिनिटभर बंद करायला तिथल्या माणसाला जरूर सांगा. चंद्र चौकटीतून सावकाश निघून जाताना दिसतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे वाक्य मुलांनी पाठ केलेलं असतं, पण तिचं फिरणं असं डोळ्यांसमोर घडताना त्यांनी बघितलेलं नसतं. अशा एका कार्यक्रमात दोन किंवा तीनच गोष्टी ठेवाव्यात. रांगेत नसलेल्या मुलांनी बाहेर उघड्यावर बसून सप्तर्षी शोधावेत. त्यातला वसिष्ठ आणि त्याला खेटून असलेली अरुंधती नुसत्या डोळ्यांनी वेगळी दिसते का, ते एकमेकांना विचारावं. मग दुर्बिणीत वसिष्ठ लावला, की तो एकटाच पुन्हा दोन तारे होऊन समोर येतो.

दिवस निवडताना पौर्णिमा टाळा. चंद्र पूर्ण असला म्हणजे छान दिसेल असं सगळ्यांना वाटतं, पण पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या दिसत नाहीत आणि चंद्र सपाट दिसतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर बघा. विवरांच्या कडा उजळलेल्या आणि तळ काळे. तिथे नुकता सूर्य उगवत असतो. नवमी-दशमीला कोपर्निकस विवर त्या रेषेजवळ येतं. ते 93 किलोमीटर रुंद आहे आणि त्याच्या मधोमध डोंगर आहेत. कधी अंधाऱ्या भागात एखादा ठिपका सुटाच चमकताना दिसतो. ते कुठल्यातरी शिखराचं टोक असतं. पायथ्याशी रात्र असते, पण टोकावर ऊन पडलेलं असतं. मुलांना हे आधी सांगू नका. "तो ठिपका तिथे एकटा का?" असं विचारा आणि थांबा.

अंधाराची सवय हा वेगळाच विषय आहे. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती मेहनत वाया जाते. म्हणून वेधशाळेत लाल दिवे असतात. मंद लाल उजेडाने ही सवय फारशी मोडत नाही. अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यातल्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. त्यामुळे पुस्तकात जांभळी-गुलाबी छापलेली देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, दुर्बिणीत राखाडी धुरासारखी दिसते. मुलांचा चेहरा पडतो. मला विचाराल तर सहलीआधी आठवडाभर वर्गात अंतराळातली रंगीत छायाचित्रं दाखवूच नयेत. ती छायाचित्रं खोटी नाहीत, पण त्यांच्यासाठी कॅमेऱ्याने कितीतरी वेळ प्रकाश साठवलेला असतो. डोळ्याला तसं साठवता येत नाही. त्याऐवजी तिरक्या नजरेची युक्ती शिकवावी: धुराकडे थेट न बघता जरा बाजूला बघायचं. डोळ्याच्या मधोमध दंडपेशी नसतात, कडेला भरपूर असतात. नजर बाजूला नेताच तो धूर पसरून मोठा होतो. तो प्रकाश तिथून निघून सुमारे 25 लाख वर्षं झाली आहेत, हे तेव्हा सांगा, मूल नेत्रिकेपाशी असतानाच. वर्गात फळ्यावर लिहिलेला हाच आकडा शून्यं मोजण्यापलीकडे कुठे पोचत नाही.

शनीच्या बाबतीत मला वेगळं काही करावं लागत नाही. कडी दिसली की मुलं दुर्बिणीच्या पुढच्या टोकाशी जाऊन तिथे चित्र चिकटवलंय का ते बघतात, अगदी मोठ्या वर्गातलीसुद्धा. पण लहान दुर्बीण असेल किंवा हवा अस्थिर असेल, तर काहींना कडं दिसत नाही. शनीला दोन कान आहेत, असं त्यांना वाटतं. अशा मुलाचं चित्र खोडू नका. 1610 साली गॅलिलिओलाही शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले होते, आणि 1612 साली ते नाहीसे झाल्यावर तो चक्रावून गेला होता. ते कडं आहे, हे ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने 1659 साली पुस्तकातून जगापुढे मांडलं. कान काढणाऱ्या मुलाने जेवढं दिसलं तेवढंच काढलं आहे. खगोलशास्त्राच्या तासाला यापेक्षा चांगली वही मी मागणार नाही.

सार्वजनिक वेधशाळांचं मोल मला फार वाटतं. संशोधनाच्या आजच्या मोठ्या दुर्बिणींवर सहसा डोळा लावायला जागाच नसते. कॅमेरे आणि प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणारे वर्णपटमापक काम करतात. माणसाने स्वतः डोळा लावून बघावं यासाठी उभारलेल्या जागा वेगळ्या. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात 1842 साली नागरिकांनी 25 डॉलरचा एक असे शेअर विकत घेऊन वेधशाळेसाठी पैसे उभे केले. लॉस एंजेलिसची ग्रिफिथ वेधशाळा 1935 पासून तिच्या बारा इंची दुर्बिणीतून येईल त्याला आकाश दाखवते आहे. दुर्बीण दाखवणारा माणूस रोज तोच गुरू ग्रह दाखवत असतो, पण समोरचं मूल दर वेळी नवीन असतं. रांग संपवायची घाई त्यालाही होते. त्या वेळी शिक्षकांनीच "थांबा, हिला अजून बघू द्या" असं म्हणायला हवं.

दिवसाची भेट असेल तर सूर्य आहे. दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला सूर्याचा खास फिल्टर लावलेला असेल तरच डोळा लावायचा, नाहीतर प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून डाग बघायचे. यात तडजोड नाही. उघड्या दुर्बिणीतून सूर्य बघितला तर क्षणात दृष्टी जाऊ शकते. आणि ढग आले तर आरसा, घुमट, मोटर हे सगळं उजेडात नीट बघून घ्यावं आणि पुन्हा यायची तारीख तिथेच ठरवावी.

शेवटी गुरूसाठी एक काम सुचवतो. प्रत्येक मुलाच्या हातात एक कागद द्या, त्यावर मधोमध छोटं वर्तुळ काढलेलं. दुर्बिणीतून उतरल्या उतरल्या गुरूभोवती दिसलेले ठिपके काढायचे आणि बाजूला वेळ लिहायची. किती चंद्र दिसतील हे आधी कुणीही सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे कागद वेळेच्या क्रमाने भिंतीवर लावा. पहिल्या तुकडीच्या चित्रात तीन ठिपके आणि दोन तासांनंतरच्या तुकडीत चार, असंही होऊ शकेल आणि वर्गात भांडण लागेल. लागू द्या. गॅलिलिओने 7 जानेवारी 1610 ला तीनच ठिपके टिपले होते, चौथा त्याला 13 जानेवारीला दिसला. आयो हा चंद्र साडेबेचाळीस तासांत गुरूला फेरी मारतो. गुरूच्या जवळ दिसत असताना तो दोन तासांत जवळजवळ गुरूच्या व्यासाएवढा सरकतो, गुरूच्या मागून किंवा सावलीतून बाहेरही येतो. मग मुलांना विचारा, कोणाचं चित्र चुकलं आणि कोणाचं बरोबर, आणि ते ठरवायला आज रात्री किती वाजता पुन्हा बघावं लागेल.

नमस्कार.