परवानगी आणि जागा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

बाहेरून आलेल्यांचे सण आणि आपली शहरे हा विषय निघाला, की बोलणे जुहू चौपाटीवरच्या छठपूजेपाशी जाते आणि मराठवाड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असे आपण धरून चालतो. वास्तविक आपल्या विभागाचे मुख्य शहर, छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हेच एका परदेशी माणसाने वसवलेले आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० मध्ये त्याने खडकीला, म्हणजे याच शहराच्या जागी असलेल्या गावाला, शहराचे रूप दिले आणि नहरीने पाणी खेळवले. पुढे मोगलांबरोबर आलेल्या रजपूत सरदारांनी आपापले पुरे वसवले. त्यांतला कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाच्या नावाने ओळखला जातो. तिथल्या देवीच्या नवरात्रातल्या यात्रेत लोटणाऱ्या गर्दीपैकी किती जणांना बिकानेर आठवते? यात्रा शहराची झाली आहे. कर्णसिंहाजवळ मनसब होती, जागा होती. त्याच्या देवीला जागा मागायला कोणाच्या दारात जावे लागले नसणार, एवढे मात्र आपण सोयीने विसरतो.

नांदेडची गोष्ट याच्या जवळची आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग तिथे आले आणि तिथेच त्यांचा देह पडला. महाराजा रणजितसिंगांच्या काळात गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली. होळीला आणि दसऱ्याला हल्ला-बोलची मिरवणूक निघते, तेव्हा निशाणे, शस्त्रे आणि घोड्यांसाठी सारे गाव रस्ता मोकळा ठेवते. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याची, तीनशे वर्षे साजरी झाली, त्या निमित्ताने नांदेडचे रस्ते आणि गोदावरीचे घाट सुधारले, आणि त्याचा उपयोग साऱ्याच नांदेडकरांना झाला. अस्सल मराठी बोलणारे दखनी शीख तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांना ‘तुम्ही मूळचे कुठले’ असे नांदेडात तरी कोणी विचारीत नाही.

आता संभाजीनगरशेजारच्या वाळूजकडे या. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथे आला आणि भोवती वसाहत वाढली. आधी बीड, जालना, बुलढाण्याकडची माणसे आली. शेजारच्या छोट्या पंढरपूरला आषाढीला उसळणाऱ्या गर्दीत, कामाची पाळी चुकवून खऱ्या पंढरीला जाणे ज्यांना परवडत नाही असे कामगारही असतात. नंतर ठेकेदारीवर उत्तर प्रदेश आणि बिहारची माणसे आली, आणि त्यांच्यासोबत छठ आली.

हे व्रत नीट पाहण्यासारखे आहे. कार्तिक शुद्ध चतुर्थीला नहाय-खाय, पंचमीला खरना, म्हणजे गुळाची खीर आणि पोळी. ती खाल्ली, की पाण्याचा थेंबही न घेता षष्ठीच्या संध्याकाळी मावळत्या आणि सप्तमीच्या पहाटे उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचे. बांबूच्या सुपात ठेकुआ, केळी, नारळ, ऊस; सवाष्णीच्या नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत शेंदराची रेघ. पुरोहित लागत नाही, मूर्ती लागत नाही, मांडव लागत नाही. लागते ते फक्त कमरेएवढे पाणी आणि समोर मोकळे आभाळ. नेमके तेवढेच आपल्या औद्योगिक वसाहतीत मिळत नाही. खाम नदी सांडपाणी वाहते, म्हणून कुठे खड्डा खणून त्यात ताडपत्री अंथरतात, कुठे टँकर मागवतात, आणि त्यासाठी वर्गणी काढतात.

गणेश विसर्जनासाठी औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानाच्या विहिरीसारख्या विहिरी ठरलेल्या आहेत. गाळ काढणे, दिवे, कठडे, जीवरक्षक ही महापालिकेची दरवर्षीची कामे आहेत आणि ती असायलाच हवीत. माझा मुद्दा या फरकाचा आहे. एखाद्या सणाला शहराने परवानगी देणे वेगळे आणि जागा देणे वेगळे. परवानगी दरवर्षी नव्याने मागावी लागते आणि ती देणारा दरवर्षी उपकार करतो. जागा एकदा नकाशावर आली, की तिची झाडलोट हे कोणाचे तरी काम ठरते. सभा भरवायची तर आधी सरकारची मंजुरी घ्या, असे सांगणारी निजामाची ‘गश्ती निशान ५३’ आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसली आहे. मंजुरीवर जगण्यातला कमीपणा मराठवाड्याला परक्याने समजावून सांगावा लागू नये.

शिवाय आपणही कुठेतरी बाहेरचेच आहोत. लातूर-धाराशिवकडची कितीतरी मुले पुण्यात नोकरी करतात. वेळा अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, ती गावी येतात. कारण कडब्याची कोप, तिच्यातले पाच पांडव, भज्जी, आंबील आणि उंडे यांना रान लागते, आणि हिंजवडीतल्या फ्लॅटच्या गच्चीवर ते उभे करता येत नाही. आठ-दहा तासांत गावी पोहोचता येते, हे आपले नशीब. छपरा किंवा सिवानच्या माणसाला दिवाळीनंतर रेल्वेचे तिकीट मिळाले नाही, तर त्याची छठ वाळूजलाच होणार.

तेव्हा मागणी अगदी साधी आहे. वाळूज परिसरात पायऱ्यांचा एक कायमचा हौद बांधावा, तो विसर्जनालाही चालेल. अडचण पाण्याची सांगितली जाईल. पण ज्या नाथसागराचे, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचे, पाणी कारखान्यांना पुरते, त्यातून वर्षाकाठी एक हौद भरणे जड जाऊ नये. खरी अडचण हद्दीची आहे. एमआयडीसी, सिडको आणि ग्रामपंचायती यांच्या सीमा तिथे एकमेकींत गुंतल्या आहेत आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून आज इथे या तिन्हींचे जे प्रतिनिधी बसले आहेत, त्यांनी हौदाची जागा कोणाच्या हद्दीत धरायची आणि उरलेले वर्षभर तो कोणी स्वच्छ ठेवायचा, एवढ्या दोनच गोष्टी पुढच्या कार्तिकाच्या आत कागदावर आणाव्यात.