आधी टब, मग ॲम्ब्युलन्स

(दृश्य: समुद्रकाठचा रस्ता, धावपटूंचा लोंढा)

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं फॅल्मथ. ऑगस्टचा दमट रविवार. वुड्स होलहून सुटणारी ही शर्यत अवघी ७ मैलांची. अंतर कमी, म्हणून सगळे सुरुवातीपासूनच जीव तोडून पळतात. अंगात उष्णता साठत जाते आणि अशा हवेत घाम वाळत नाही.

(दृश्य: वैद्यकीय तंबू, टबात रिकामी होणारी बर्फाची पोती)

हा धावपटू स्वतःचं नाव सांगू शकत नाहीये. अंगाला हात लावून काही कळत नाही, घामाने कातडी गारच लागते. म्हणून तापमान गुदद्वारातून घेतात. ते ४० अंश सेल्सियसच्या वर आणि माणूस भ्रमिष्ट, म्हणजे उष्माघात. चर्चेत वेळ घालवायचा नाही.

काखेखालून चादर घालून त्याला धरून ठेवलंय, तोंड पाण्याबाहेर राहावं म्हणून. बाकी सगळं अंग बर्फाच्या पाण्यात. डोक्यावर गार टॉवेल, तोही सारखा बदलायचा. आणि हे हात बघा, पाणी सतत ढवळताहेत. ढवळलं नाही तर अंगालगतचं पाणी कोमट होतं.

या वेळी हृदयावर केवढा ताण असतो! अंग निववायला रक्त कातडीकडे धावलेलं, त्यातलं पाणी घामावाटे गेलेलं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी, म्हणून ठोके वाढतच जातात. गार पाण्यात कातडीच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलतो. नाडी उतरू लागते. तापमान ३९ अंशांच्या आसपास आलं की बाहेर. हे सगळं अर्ध्या तासाच्या आत. त्यानंतर ॲम्ब्युलन्स.

(दृश्य: जुनी छायाचित्रं)

१९७८ साली अमेरिकेचा धावपटू अल्बर्टो सालाझार याच शर्यतीत कोसळला. पाद्र्याने अंत्यसमयीच्या प्रार्थनाही म्हटल्या. त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवलं होतं. १९८२ मध्ये त्याने बोस्टन मॅरेथॉन जिंकली.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथल्या १८ वर्षांच्या शर्यतींमधले २७४ उष्माघात तपासले. सगळेच्या सगळे वाचले.

(दृश्य: व्यायामशाळेतलं बर्फस्नान)

सरावानंतरचं बर्फस्नान वेगळं. एकदम उतरलं की धाप लागते, रक्तदाब उसळतो. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

(दृश्य: हाफ मॅरेथॉनची अंतिम रेषा)

आपल्याकडे आता गावोगावी शर्यती होतात. टी-शर्ट असतात, मेडलं असतात. आयोजकांनो, या मांडवात एक टब, भरपूर बर्फ, योग्य थर्मामीटर आणि हे शिकलेली चार माणसं ठेवा. बर्फाचा कारखाना तालुक्यालाही सापडतो.