हरून घरी जाण्याचा हक्क

मंडळी, सुरुवात एका जुन्या जखमेपासून करते. २ ऑगस्ट २०१८, लंडन, महिला हॉकी विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. भारत शून्य, आयर्लंड शून्य. साठ मिनिटांत कोणालाच गोल करता आला नाही, म्हणून शूटआउट. तेवीस मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघायचं, समोर एकटी गोलरक्षक, आणि हातात आठ सेकंद. ते आपण ३-१ असं हरलो. त्या वेळी आयर्लंड जागतिक क्रमवारीत सोळाव्या स्थानावर होतं. संघातल्या बऱ्याच जणी नोकरी नाहीतर शिक्षण सांभाळून खेळणाऱ्या. त्यांनी पुढे उपांत्य फेरीत स्पेनलाही शूटआउटमध्येच हरवलं आणि थेट अंतिम सामना गाठला. तिथे नेदरलँड्सने ६-० असं धुतलं, ती गोष्ट वेगळी.

त्या आयरिश संघाची गोलरक्षक आयेशा मॅकफेरन. नाव ऐकून आपल्या ओळखीतली कोणी वाटते, पण मुलगी लार्नची, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर टोकाची. कर्णधार केटी मलन कोलरेनची, तीही उत्तरेचीच. बचावातली शर्ली मॅके टिरोन परगण्यातली. तिघीही अल्स्टर प्रांताच्या. आज मला बोलायचंय ते या अल्स्टरसारख्या प्रांतांमधल्या बाद पद्धतीच्या, म्हणजे एक सामना हरलं की थेट घरी अशा स्पर्धांबद्दल, आणि अशी स्पर्धा खेळायला मिळणं ही साधी गोष्ट का नव्हती, त्याबद्दल.

आधी थोडा भूगोल. अल्स्टरमध्ये नऊ परगणे. त्यातले सहा ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये, तीन आयर्लंड प्रजासत्ताकात. मधून देशाची सीमा जाते. हॉकीने मात्र ही सीमा कधी मानली नाही. आयर्लंडचा संघ अख्ख्या बेटाचा, आणि खालचा कारभार अल्स्टर, लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट अशा जुन्या प्रांतांप्रमाणे. अल्स्टरमधल्या महिला क्लबांची बाद स्पर्धा म्हणजे अल्स्टर शील्ड. आपण शाळेत ‘फिरती ढाल’ म्हणायचो ना, तीच कल्पना. जिंकणाऱ्याने वर्षभर मिरवायची आणि पुढच्या वर्षी निमूट परत आणून द्यायची. बेलफास्टचा पेगासस हा क्लब तिथला मातब्बर. ऑलिंपिकला मात्र उत्तरेतल्या मुलींना आयर्लंड की ब्रिटन हे निवडता येतं. १९९२ साली बार्सिलोनात ब्रिटनच्या महिलांनी कांस्यपदक मिळवलं, त्या संघात उत्तर आयर्लंडची जॅकी मॅकविल्यम्स होती.

आता मागे जाऊ. १८९४ साली आयरिश लेडीज हॉकी युनियन स्थापन झाली. कुठल्याही देशातली ही बायकांची पहिली राष्ट्रीय हॉकी संघटना. इंग्लंडमध्ये बायकांचे क्लब त्याआधीपासून होते, मोल्सी लेडीज हा १८८७चा. पण १८९५ मध्ये त्यांनी पुरुषांच्या हॉकी असोसिएशनकडे संलग्नता मागितली, तेव्हा नकार मिळाला. मग बायकांनी आपली वेगळी संघटना काढली आणि नियमच केला की पुरुषाला पदाधिकारी होता येणार नाही. हा नियम मला फार आवडतो. पुढच्याच वर्षी, २ मार्च १८९६ला, डब्लिनच्या अलेक्झांड्रा कॉलेजात आयर्लंड आणि इंग्लंड समोरासमोर आले आणि आयर्लंडने २-० असा सामना मारला.

पोशाखाबद्दल नेहमी विचारलं जातं, म्हणून उरकून टाकते. घोट्यापर्यंतचे स्कर्ट. ते जमिनीपासून काही इंच वर हवेत एवढी सवलत. चेंडू त्या घेरात अडकायचा. पुढे.

मुद्दा असा की पुरुषांना कारभारातून बाहेर ठेवणाऱ्या या इंग्लिश बायकांनी पुरुषांची एक गोष्ट जशीच्या तशी उचलली. चषक नको, लीग नको, बक्षीस नको. पुरुषांच्या हॉकी असोसिएशनचंही धोरण तेच होतं. फुटबॉलमध्ये पैसा शिरला, प्रेक्षक हुल्लड करू लागले, तसं आपल्याकडे नको, ही त्यांची भीती. बायकांच्या बाबतीत आणखी एक भर पडली: चुरस आली की स्त्रीचं वागणं बिघडतं. खेळ आरोग्यासाठी, मैत्रीसाठी. जिंकण्यासाठी खेळणं म्हणजे सभ्यता सोडणं. कॉलेजात शिकलेल्या, घरची ददात नसलेल्या बायकांना हे परवडत होतं. उत्तर इंग्लंडच्या गिरणी भागात आठवडाभर राबणाऱ्या मुलींना काही ते पटेना. त्यांनी आपल्या लीग काढल्या, आणि मोठ्या संघटनेने त्यांच्याकडे नाक मुरडलं.

इंग्लंडमध्ये ही बंदी किती टिकली? पुरुषांच्या हॉकीत १९६०च्या दशकाच्या अखेरपर्यंत. महिला क्लबांची राष्ट्रीय बाद स्पर्धा यायला १९७०चं दशक सरत आलं. म्हणजे ऐंशी वर्षं इंग्लंडमधल्या कितीतरी उत्तम खेळाडू एकही ‘हरलीस तर घरी’ असा सामना न खेळता निवृत्त झाल्या. सगळे सामने मैत्रीचे, नाहीतर परगण्यांचे आणि देशांचे. १९२७ साली महिला हॉकी संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला. दर काही वर्षांनी देशोदेशीचे संघ जमायचे, खेळायचे, चहा घ्यायचे आणि विजेता न ठरवता परतायचे. त्या महासंघाची पहिली खरी जागतिक स्पर्धा १९७५ला एडिनबरोत झाली.

आयर्लंडमध्ये वारं वेगळं होतं. पुरुषांचा आयरिश सीनियर कप १८९४पासूनचा. चषक खेळल्याने माणूस बिघडतो असं तिथे कोणाला वाटलं नाही, आणि बायकांच्या प्रांतिक स्पर्धा त्याच मातीत उगवल्या.

बाद पद्धतीचं गणित मोठं गोड आहे. संघ तेरा असोत की तीस, सामने नेहमी एकाने कमी. प्रत्येक सामन्यात एकजण बाहेर जातो आणि शेवटी एकच उरतो, म्हणून. तेरा संघ असतील तर तिघांना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे न खेळताच दुसरी फेरी. ती सोडतीत ठरते, आणि सोडतीवरून रुसवेफुगवेही होतात. पूर्वी सामना बरोबरीत सुटला की तोच पुन्हा खेळवायचे. हिवाळ्यात, गवतावर, जमीन गोठलेली असली की तारीख पुढे. एक फेरी संपायला आठवडेच्या आठवडे. कृत्रिम मैदानं आली, जादा वेळ आला, नंतर शूटआउट. आता निकाल त्याच दिवशी. जुन्या खेळाडूंना शूटआउट म्हणजे लॉटरी वाटते. मला नाही वाटत. लहानपणापासून गावच्या ढालीसाठी, शाळेच्या चषकासाठी अशा घटका अनुभवलेल्या मुलीचे हात आठ सेकंदांत कमी थरथरतात, असं माझं मत आहे. हे सिद्ध करायला माझ्याकडे मॅकफेरनशिवाय काही नाही.

आपल्याकडे वळते. १९८०, मॉस्को. ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी पहिल्यांदाच. संघ सहाच, म्हणून साखळी पद्धत, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, उपांत्य फेरी नाही की अंतिम सामना नाही. आपण ऑस्ट्रिया आणि पोलंडला हरवलं, चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघाकडून हरलो. सुवर्ण मिळवलं झिंबाब्वेने, आणि त्यांच्याशी आपली बरोबरी होती, १-१. आपण चौथे. पहिल्या चार संघांची उपांत्य फेरी असती तर? रूपा सैनीच्या त्या संघाला आणखी दोन सामने मिळाले असते. काय झालं असतं कोण जाणे.

एक्केचाळीस वर्षांनी टोकियो. आपण पहिले तिन्ही सामने हरलो: नेदरलँड्सकडून ५-१, जर्मनीकडून २-०, ब्रिटनकडून ४-१. मग आयर्लंड. सत्तावन्नाव्या मिनिटाला नवनीत कौरचा गोल, १-०. लंडनचं देणं असं फिटलं. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वंदना कटारियाची हॅटट्रिक, ४-३. तरी पुढे जाणं आयर्लंड-ब्रिटन सामन्यावर अडलेलं. तिथे आयर्लंड हरलं आणि आपण कसेबसे उपांत्यपूर्व फेरीत. समोर ऑस्ट्रेलिया, गटातले पाचही सामने जिंकून आलेली. बाविसाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर, गुरजित कौर, गोल. उरलेला सगळा वेळ सविता पुनिया गोलपुढे भिंतीसारखी उभी. १-०. पाच सामने जिंकलेल्या ऑस्ट्रेलियाने त्या संध्याकाळी सामान आवरायला घेतलं.