स्वतःचा सोशल सर्व्हर: आधी नाव ठरवा, मशीन नंतर

नमस्कार मंडळी! आज आपण स्वतःचा सोशल मीडिया सर्व्हर कसा सुरू करायचा ते बघणार आहोत. छोटा, दहा-पंधरा माणसांपुरता. समजा तुमचा एक ग्रुप आहे, शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो बघायला जाणारा. फोटो, पक्ष्यांच्या नोंदी, भरती-ओहोटीच्या वेळा, सगळं आज कुठल्यातरी कंपनीच्या ॲपवर पडून आहे. ते आपल्या ताब्यात आणायचंय, पण बाहेरच्या जगाशी बोलणंही चालू ठेवायचंय. हेच उदाहरण धरून पुढे जाऊ.

(स्क्रीनवर: दोन सर्व्हर, दोघांमध्ये जाणारे-येणारे बाण)

तुमचा ईमेल एका कंपनीकडे, माझा दुसऱ्या कंपनीकडे, तरी मेल पोचतोच ना? फेडरेटेड सोशल मीडिया तसाच चालतो. सर्व्हर वेगवेगळे, पण बोलण्याची रीत एक. या रीतीचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली. या रीतीने चालणारं सगळ्यात ओळखीचं सॉफ्टवेअर म्हणजे मॅस्टोडॉन, ट्विटरसारखं. ते त्याच्या आधीचं, २०१६ चं. भारतात हे नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि त्या वादात इथले पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर गेले. गेले खरे, पण बहुतेक जण दुसऱ्याने चालवलेल्या सर्व्हरवर. तो सर्व्हर उद्या बंद झाला तर त्यावरचा तुमचा पत्ताही गेला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा त्यावरच्या मराठी कम्युनिटींचं काय झालं ते ज्यांनी बघितलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

म्हणून माझं ठाम मत आहे: मशीन कोणतं, सॉफ्टवेअर कोणतं, हे प्रश्न नंतरचे. पहिला निर्णय डोमेनचा, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या नावाचा. फेडिव्हर्सवर, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या या सर्व्हरांच्या जगात, तुमचा पत्ता दोन भागांचा असतो, आधी तुमचं नाव, मग ॲटचं चिन्ह आणि पुढे डोमेन. एकदा का हा पत्ता बाहेरच्या सर्व्हरांना कळला की डोमेन बदलता येत नाही. ते सर्व्हर तुम्हाला त्याच पत्त्याने ओळखतात आणि तो त्यांच्या डेटाबेसमध्ये नोंदलेला असतो. तेव्हा ग्रुपमध्ये बसून नीट ठरवा. नाव छोटं, फोनवर सांगितलं तर समोरच्याला एकदाच ऐकून लिहिता येईल असं. पहिल्या वर्षाच्या किमतीवर भुलू नका, नूतनीकरणाची किंमत बघा, कारण दरवर्षी तीच भरायची आहे. ऑटो-रिन्यू चालू ठेवा. आणि डोमेनचं खातं एकाच माणसाच्या फोन नंबरवर लटकलेलं नको, निदान दोघांकडे त्याची माहिती हवी.

आता हमखास येणारा प्रश्न. देवनागरीत डोमेन घेऊ का? डॉट भारत २०१४ पासून मिळतं, आणि मलाही ते मनापासून आवडतं. पण पहिल्या सर्व्हरसाठी नको. आतून त्याचं रोमन अक्षरांच्या एका लांबलचक कोडात रूपांतर होतं, आणि प्रत्येक ॲप ते सारखं हाताळेलच असं नाही. शिवाय पत्त्यातलं वापरकर्त्याचं नाव तसंही रोमन अक्षरांतच ठेवावं लागतं. दिसणारं नाव मात्र खुशाल मराठीत लिहा.

पत्त्यात मुख्य डोमेन ठेवून सर्व्हर त्याच्या सबडोमेनवर (मुख्य नावाआधी एक शब्द जोडून केलेल्या नावावर) चालवता येतो, म्हणजे मुख्य नावावर ग्रुपची वेबसाइटही राहते. ही सोय हवी असेल तर पहिल्याच दिवशी सेटिंग करा. नंतर नाही जमत.

आता सॉफ्टवेअर. मॅस्टोडॉन उत्तम आहे, पण त्याच्यामागे पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक अशा सोबत चालवाव्या लागणाऱ्या प्रोग्रामांचा मोठा गोतावळा आहे. दहा-पंधरा माणसांसाठी मी गोटूसोशल सुचवेन. गो भाषेत लिहिलेलं, एकच प्रोग्राम, डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट चालतं, आणि एक जीबी रॅमच्या मशीनवर आरामात बसतं. एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर घोळ होईल: गोटूसोशलला स्वतःचं टाइमलाइनचं पान नाही. ब्राउझरमध्ये सर्व्हर उघडलात तर प्रोफाइल आणि सेटिंग दिसतील, बस. वाचायला-लिहायला अँड्रॉइड फोनवर टस्की किंवा ब्राउझरमध्ये फॅनपी अशी ॲप वापरायची.

(स्क्रीनवर: फोनवर टस्की, लॉगिनचं पान)

मशीन कुठे ठेवायचं? घरी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आहे, ब्रॉडबँड आहे, मग घरीच ठेवू, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी पत्ता, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेटवरचा क्रमांक, नसतो. एकच पत्ता कितीतरी ग्राहकांमध्ये वाटलेला असतो, याला सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी बाहेरचा सर्व्हर तुमच्या दारापर्यंत येऊच शकत नाही, राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा. एकतर स्टॅटिक आयपीचे, म्हणजे फक्त तुमच्या अशा कायमच्या पत्त्याचे, जास्तीचे पैसे भरा, नाहीतर टनेल लावा, म्हणजे बाहेरच्या एखाद्या मशीनमार्फत घरापर्यंत वाट काढा. टनेलची युक्ती चालते, पण सुरुवातीला मी भाड्याचा छोटा व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधल्या मशीनचा आपल्यापुरता हिस्सा, घ्यायला सांगेन. मुंबईत डेटा सेंटर असलेल्या कंपन्या आहेत, ॲमेझॉनचं क्लाउड तर इथे २०१६ पासून आहे. मुंबईतला सर्व्हर असला की ॲप चटकन उघडतं. तसा बंगळुरू किंवा सिंगापूरचा असला तरी बिघडत नाही, सर्व्हर-सर्व्हरमधली पोस्टची देवाणघेवाण मागच्या मागे चालते.

इन्स्टॉलेशन मी भरभर सांगतो, सगळ्या कमांड खाली वर्णनात आहेत. मशीनवर डेबियन ही लिनक्स. दुरून मशीनमध्ये शिरायची सोय म्हणजे एसएसएच. त्याच्या लॉगिनसाठी पासवर्ड बंद, एसएसएच की (किल्लीची फाइल) चालू. डोमेनचा ए रेकॉर्ड, म्हणजे नाव कोणत्या आयपीचं ते सांगणारी नोंद, मशीनच्या आयपीकडे वळवा. फायरवॉलमध्ये एसएसएचशिवाय फक्त ८० आणि ४४३ हे पोर्ट उघडे. पुढे कॅडी हा वेब सर्व्हर बसवा, तो सुरक्षित कनेक्शनसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र स्वतः आणतो आणि मुदत संपायच्या आत स्वतःच नवीन घेतो. मागे गोटूसोशल, वेगळ्या युजरखाली, सिस्टमडीची सर्व्हिस म्हणून, म्हणजे मशीन सुरू झालं की आपोआप चालू होणारं. मशीनचं घड्याळ बरोबर चालतंय ना ते बघा, कारण सर्व्हर एकमेकांना पाठवलेल्या संदेशांवर सही करतात आणि त्या सहीत वेळ असते. वेळ चुकली की समोरचा सर्व्हर संदेश नाकारतो. ईमेल पाठवण्याची व्यवस्था नसली तरी अडत नाही. खाती कमांडवरून तयार करता येतात, आणि बाहेरच्यांसाठी नोंदणी मुळात बंदच असते. तशीच राहू द्या.

आत आलात की टाइमलाइन कोरी असेल. घाबरू नका, बिघाड नाही. तुमच्यापैकी कोणीतरी एखाद्याला फॉलो केलं की त्याच्या नव्या पोस्ट यायला लागतात, मागच्या सगळ्या येत नाहीत. शोधताना पूर्ण पत्ता टाका. आणि एक काम आवर्जून करा, पोस्टची भाषा मराठी ठेवा. टस्कीत, फॅनपीत तो पर्याय आहे. लोक भाषेनुसार पोस्ट गाळतात. आपण मराठीत लिहून भाषा इंग्रजीच ठेवली तर मराठी वाचणाऱ्यालाच आपण सापडणार नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

फोटोंनी डिस्क भरते, पण फक्त तुमच्या नाही. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांचे फोटोही तुमच्या मशीनवर उतरतात. गोटूसोशल ते साधारण सात दिवस ठेवून काढून टाकतं. हा आकडा बदलता येतो, जागा कमी असेल तर घटवा.

आता बॅकअप. इथे जरा थांबून सांगतो, कारण लोक हेच टाळतात. डेटाबेसमध्ये फक्त पोस्ट नसतात, प्रत्येक खात्याची खासगी किल्ली असते. मघाशी म्हटलं त्या सह्या त्याच किल्लीने होतात. डेटाबेस गेला आणि तुम्ही त्याच डोमेनवर, त्याच नावाने नवीन खातं काढलंत, तर किल्ली नवी होते. बाहेरचे सर्व्हर जुनीच किल्ली धरून बसलेले असतात. मग फॉलो होत नाही, उत्तरं पोचत नाहीत, आणि का ते कोणाला कळत नाही. याच कारणाने एका डोमेनवर आज मॅस्टोडॉन, उद्या गोटूसोशल असे प्रयोगही करू नका. प्रयोगाला वेगळं सबडोमेन घ्या.

तीन गोष्टी जपायच्या: डेटाबेस, मीडियाचं फोल्डर, कॉन्फिगची, म्हणजे सेटिंगची फाइल. चालू असलेली एसक्यूलाइटची फाइल नुसती कॉपी करू नका, अर्धवट येऊ शकते. सर्व्हिस थांबवून कॉपी घ्या किंवा एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड वापरा. ही प्रत दुसऱ्या ठिकाणी गेली पाहिजे, त्याच कंपनीच्या त्याच खात्यात नाही. आणि महिन्यातून एकदा ती प्रत घरच्या लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवून, उघडून बघा. उघडली नाही तर तो बॅकअप नव्हेच.

ग्रुपमधल्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, इथले खासगी संदेश एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड नाहीत, सर्व्हर चालवणाऱ्याला ते वाचता येऊ शकतात. दुसरी, पोस्ट डिलीट केली की डिलीटचा निरोप सगळीकडे जातो, पण समोरचा सर्व्हर तो पाळेलच याची हमी नाही. फोटोतली लोकेशनची माहिती गोटूसोशल काढून टाकतं, तुम्ही मजकुरात लिहिलेलं ठिकाण तसंच राहतं. म्हणून दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याची जागा लिहूच नका. पोस्ट परत घेता येईल या भरवशावर तर मुळीच नको.

ग्रुपबाहेरच्या लोकांना खाती द्यायचा विचार असेल तर २०२१ चे आयटी नियम वाचा. दुसऱ्यांचा मजकूर ठेवणारे म्हणून तुम्ही इंटरमीडिअरी, म्हणजे कायद्याच्या भाषेत मध्यस्थ, ठरता. वापराचे नियम, गोपनीयता धोरण आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव व संपर्क साइटवर लावावा लागतो. त्रास देणाऱ्या सर्व्हरला ब्लॉक करण्याचं बटण ॲडमिनच्या पानावर आहे. ते कधी वापरायचं हे ग्रुपने आधी बोलून ठेवा, भांडण पेटल्यावर नको.

आणि कधी सर्व्हर बंद करायची वेळ आली तर अचानक करू नका. मॅस्टोडॉनने आपल्या यादीतल्या सर्व्हरसाठी निदान तीन महिने आधी कळवण्याची अट घातली आहे, तोच नियम आपणही पाळू. तेवढ्या वेळात प्रत्येकाला दुसऱ्या सर्व्हरवर खातं हलवता येतं आणि फॉलोअर सोबत नेता येतात. पोस्ट मात्र सोबत जात नाहीत. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या पक्षीनोंदी आहेत, त्यांनी त्या वेगळ्या फाइलमध्येही लिहीत राहा.