शिपायाचं तोंड

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय झारच्या रशियातल्या चौदाव्या पायदळ डिव्हिजनबद्दल. व्होलिन, मिन्स्क, पोडोल्स्क आणि झितोमिर अशा तिच्या चार रेजिमेंट, क्रमांक 53 ते 56. 1873पासून तिचे सेनापती होते मिखाईल द्रागोमिरोव. पिंड मास्तराचा, पीटर्सबर्गच्या सैनिकी अकादमीत डावपेच शिकवत. त्यांचा एक हट्ट होता. कुठे जायचं आणि कशाला, हे साध्या शिपायालाही ठाऊक हवं, म्हणजे अधिकारी पडला तरी त्याचं अडणार नाही. आपल्याकडे परिपत्रकं निघतात, त्यांत ‘कशाला’ तेवढं सोडून सगळं असतं. असो.

1877 सालचं रशिया-तुर्कस्तान युद्ध. अलीकडे रशियन, पलीकडे बल्गेरियातलं स्विश्तोव, तिथे तुर्क, आणि मध्ये डॅन्यूब नदी. 27 जूनला, मध्यरात्र उलटल्यावर, पहिल्या होड्या सुटल्या त्या चौदाव्या डिव्हिजनच्या. द्रागोमिरोवांनी आधीच बजावलं होतं, माघारीचा बिगुल आपण वाजवणारच नाही. ऐकू आलाच, तर तो शत्रूचा डाव समजा. पुन्हा सांगतो, माघारीचा बिगुलच नाही!

आता माझा आवडता किस्सा. त्यांच्याबरोबर हाताखाली फौज नसलेला एक जनरल होता, स्कोबेलेव. वय 33. मध्य आशियात नाव कमावून आलेला, पण राजधानीतली मंडळी नाकं मुरडायची, तिकडच्या त्या लढाया म्हणजे काय लढाया! तेव्हा हा पठ्ठ्या जनरल असूनही द्रागोमिरोवांचा निरोप्या झाला. गोळ्या सुटतायत आणि हा आघाडीवर निरोप पोचवून शांतपणे परत येतोय.

पलीकडच्या काठावर धूर, आरडाओरडा, अंगावर येणारा चढ. द्रागोमिरोव डोळे ताणून बघतायत. आपली फळी टिकली की मोडली, काही उमगेना. एवढ्यात शेजारून स्कोबेलेव म्हणाला, अशी गोष्ट सांगतात:

“मिखाईल इवानोविच, अभिनंदन!”

“कशाबद्दल?”

“जिंकलात की! तुमच्या पोरांनी मैदान मारलं.”

“तुम्हाला कुठे दिसलं ते?”

“शिपायाच्या तोंडावर. शत्रूला लोळवल्याशिवाय त्याचं असलं थोबाड होत नाही.”

आमच्या घरी हे शेवटचं वाक्य आता मुलंच माझ्याआधी म्हणून टाकतात. पण बघा, डावपेचांचा प्राध्यापक बघत होता मैदानाकडे, आणि हा बघत होता तोंडाकडे. बारावीचा निकाल घेऊन पोरगं दारात आलं की आई गुणपत्रिका मागायची का हो? त्यानं चपला काढायच्या आत तिला कळलेलं असायचं. आता निकाल मोबाइलवर. माझं तर मत आहे, निकाल शाळेतच हातात द्यावा.

तर, डिव्हिजन. ऑगस्टमध्ये शिप्का खिंडीत तीच मदतीला धावली. तिथे द्रागोमिरोवांच्या गुडघ्याला गोळी लागली आणि त्यांच्यापुरतं युद्ध संपलं. बंदुकीच्या टोकाला लावायच्या संगिनीवर त्यांचा फार जीव. मशिनगनची थट्टा करायचे, एकाच माणसाला अनेकदा मारायचं असतं तर ती कामाची होती म्हणे! 1905मध्ये ते वारले. 1914मध्ये, पहिल्या महायुद्धात, त्यांची चौदावी डिव्हिजन ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गॅलिशिया प्रांतात उतरली, ब्रुसिलोव यांच्या आठव्या सैन्यात, आणि समोर मशिनगन होत्या.

जाता जाता एक. इल्या रेपिन यांचं ते चित्र आठवतंय का, तुर्की सुलतानाला पत्र लिहिताना खदाखदा हसणारे कॉसॅक, म्हणजे युक्रेनकडचे लढवय्ये? त्यांतला तोंडात पाईप धरलेला सरदार सिर्को, त्याच्यासाठी रेपिनसमोर बसले होते हेच द्रागोमिरोव. चित्र मिळालं तर बघा, आणि ते तोंड जरा नीट बघा.